अख्खं चालत नाही

परवा संध्याकाळी लेक शिवाजी पार्कातून खेळून आली आणि मी तिला दारातच थांबवलं. बूट काढायला लावले, उलटे करून पाहिले. तळव्यांच्या खाचाखाचांत तांबडी माती घट्ट बसली होती. मोरीत नेऊन नळ सोडला आणि जुना टूथब्रश शोधायला लागले. आई मागे येऊन उभी राहिली, कणकेचे हात तसेच. "राहू दे की गं. चार दिवस आहेत अजून, परत भरतीलच." मी म्हटलं, आता हे बूट बॅगेतच जातील, उरलेले दिवस चपला. बुटांना माती दिसली तर तिकडे ऑस्ट्रेलियात विमानतळावर अडवतात. "माती? मातीसुद्धा चालत नाही?" मी ब्रश घासता घासता, मान वर न करता म्हटलं, "नाही आई. आमच्याकडे नाही चालत."

आमच्याकडे.

ती काही बोलली नाही. कणकेचे हात घेऊन परत ओट्याकडे गेली. मी एक बूट अर्धा घासून तसाच टाकला आणि उठले. खरं तर या शब्दाचं तिला किंवा मला नवल वाटायचं कारण नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी तो वापरला होता तो ठाण्याच्या सासरच्या घराबद्दल, "आमच्याकडे आमटीत चिंच घालत नाहीत, आमसूल घालतात," आणि तेव्हा ती पदराआड हसली होती. तिनेही कधीतरी गिरगावातल्या आजीला "आमच्याकडे दादरला" असं ऐकवलंच असणार. लेकीने एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन पहिल्या घराला नियम सांगायचे, हे काही ऑस्ट्रेलियाने शोधलेलं नाही. पण तेव्हा आमटीबद्दल बोलताना माझ्या आवाजात लाडिकपणा होता. परवा मी कस्टम्सच्या माणसासारखी बोलले. तेच मनात टोचत राहिलंय.

तिकडे उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरायला देतात. मांस, अंडी, दूधदुभतं, फळं, धान्य, बिया, झाडपाल्याची औषधं, लाकडी वस्तू, माती, माती लागलेली कुठलीही वस्तू. गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का. यातलं काहीही असेल तर 'हो'वर खूण करायची आणि खाली सही: दिलेली माहिती खरी, अचूक आणि पूर्ण आहे. गंमत अशी की 'हो' म्हटलं की बहुतेक वेळा काही होत नाही. ते बघतात, चालणारं असेल तर परत देतात, नसेल तर ठेवून घेतात. दंड होतो तो न सांगितल्याचा.

आईची तयारी डिसेंबरपासूनच चालू होती. आम्ही सुट्टीला येणार कळल्यावर तिने दोन किलो धने, जिरं, बेडगी मिरच्या, तूरडाळ असं सगळं आणून डबे भरून ठेवले होते. मी आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी त्या डब्यांसमोर उभं राहून तिला सांगितलं की यातलं काही नेता येणार नाही. ढोबळ नियम सांगितला: अख्खं चालत नाही, दळलेलं बहुधा चालतं. "म्हणजे धने नाहीत पण धनेपूड चालेल? एकच ना ते?" मग तिला खपऱ्याची गोष्ट सांगावी लागली. खपरा म्हणजे धान्यातला बारीकसा भुंगेरा. त्याचं इंग्रजी नावसुद्धा खपराच, आपल्याकडूनच गेलेलं. त्याच्या अळ्या फटीबिटीत दडून काही न खाता वर्षानुवर्षं तग धरतात, आणि गव्हाच्या एका कोठारात शिरला तर सगळं कोठार वाया जातं. म्हणून २०२० नंतर त्यांनी प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, मूग, जिरं, धने, सुक्या मिरच्या हे सगळं बंदच करून टाकलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "मग तो पोचला कसा तिकडे?" पोचला नाहीये आई, म्हणून तर एवढी धडपड. "नाव पोचलं आणि किडा नाही पोचला," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळं घेऊन लालबागला गेली. मिरची गल्लीत खरी गर्दी मार्च-एप्रिलमध्ये, उन्हं तापली की. जानेवारीत मसाला करायला आलेली ही बाई पाहून डंकावरच्या माणसानेही विचारलं म्हणे, लग्न आहे का घरात. मी बरोबर गेले होते. डंकाचा तो धप-धप आवाज छातीत बसतो, हवेत मिरचीचा खाट असतो, आणि तिथे काम करणारी माणसं ज्या सहजतेने श्वास घेतात ते बघून आपल्यालाच लाज वाटते. परत येताना टॅक्सीत ड्रायव्हरसकट तिघांना शिंका. आई शिंकतानाही पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हती. तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही, कढीपत्त्याची एक काडी नाही. म्हणजे उरला फक्त मसाला, आणि तो तिने तिला येत होता तेवढा बारीक करून घेतला.

बरोबर एका वर्षापूर्वी आम्ही मेलबर्नच्या तुलामरीन विमानतळावर उतरलो तेव्हा कार्डावर इतक्या ठिकाणी 'हो' केलं होतं की आमची रांगच वेगळी निघाली. नवऱ्याने घाबरून विमानात मिळालेलं लोणच्याचं पाकीटही जाहीर केलं. टेबलापलीकडचा माणूस धिप्पाड होता, हातांवर उन्हाचे तांबूस ठिपके. त्याने माझं पोळपाट बाहेर काढलं, आडवं धरलं, दिव्याखाली फिरवलं, किड्याने पोखरल्याची भोकं आहेत का ते बोट फिरवून पाहिलं. हे पोळपाट आजीचं. त्याच्या एका पायाला चीर आहे, तिच्यात तीस वर्षांचं पीठ असेल. कशासाठी वापरता म्हणून विचारलं. शब्द आठवेना, मी हवेतच लाटून दाखवलं. "टॉर्टिया?" मी म्हटलं, हो, टॉर्टिया. त्या देशात मी बोललेली ही पहिली थाप. त्याने चीर पुन्हा एकदा पाहिली आणि पोळपाट परत दिलं.

बाहेर बेचाळीस अंश. मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या माणसालाही ते ऊन समजत नाही. घाम नाहीच, थेट भाजतं. सगळे म्हणाले, संध्याकाळी 'कूल चेंज' येणार आहे, जणू कुणी पाहुणा यायचा आहे. आणि खरंच सातच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा सुटला. अर्ध्या तासात दारं आपटायला लागली आणि आम्ही बॅगा उघडून स्वेटर शोधत होतो. नऊ वाजत आले तरी बाहेर उजेड. लेक झोपायला तयार नाही, कारण दिवसा कोण झोपतं? पहिल्या आठवड्यात माझा सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो शुभंकरोतीचा. आपल्याकडे दिवेलागण झाली की म्हणायचं. तिथे दिवेलागणच होईना. पौणेनऊला सूर्य खिडकीतून डोळ्यांत येत असताना आम्ही दोघी "दिव्या दिव्या दीपत्कार" म्हणत होतो आणि दिवा कुठे आहे तेच दिसत नव्हतं. पुढे जूनमध्ये त्याची भरपाई झाली. सहाच्या आतच मिट्ट काळोख, लेक विचारायची, आता दोनदा म्हणायचं का?

आम्ही टार्नीटला राहतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, आपल्या लोकांनी भरलेलं उपनगर. इतकं की पहिल्या महिन्यात मला इंग्रजीपेक्षा पंजाबी जास्त ऐकू आली. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर दुसरा नंबर भारताचा लागला, पावणेसात लाखांच्या जवळ, आणि सकाळी सात वाजता सदर्न क्रॉस स्टेशनला जाणाऱ्या गाडीत ते सगळे एकदम चढतात असं वाटतं. नवरा म्हणाला, विरारपेक्षा बरं. मी म्हटलं, विरारला निदान कुणी ढकलून आत तरी घेतं. इथे लोक दारात उभे राहून सॉरी सॉरी म्हणतात आणि हलत नाहीत.

घर मात्र गप्प. ही गप्पगार शांतता मला वर्षभर सोसली नाही. दादरच्या या घरात पहाटे दूधवाला, मग फुलमार्केटचे टेम्पो, मग खालच्या मजल्यावरची पंपाची घरघर, वर कुणीतरी खलबत्ता कुटतंय, आणि मधूनच कावळा. तिकडेही कावळा आहे, पण त्याचं ओरडणं ऐकून मी पहिल्यांदा दचकून खिडकीत गेले. रुसलेल्या तान्ह्या बाळासारखा सूर लांबवत लांबवत खाली आणतो. पितृपक्षात मी कुंपणावर भाताचा घास ठेवला तेव्हा तो आला, रडला आणि न खाता गेला. माझ्या आजेसासूबाईंना भात कमी शिजलेला अजिबात आवडत नसे, तेव्हा अगदीच चूक म्हणता येणार नाही.

आता इथून पुढचं लिहायला जरा अवघड आहे, कारण यातलं बरंचसं मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

नवरा मुंबईत चांगल्या कंपनीत होता, अंधेरीला. तिकडे सगळ्या मुलाखतींत एकच प्रश्न: लोकल एक्सपिरियन्स? लोकल हा शब्द मुंबईकराने आयुष्यभर वेगळ्या अर्थाने वापरलेला असतो. साडेचार महिने त्याला त्याच्या कामातली नोकरी मिळाली नाही. ट्रुगनिनाच्या एका गोदामात तो रात्रपाळीला जात होता. स्टीलच्या टोकाचे बूट, अंगात पिवळं जाकीट, आणि मनगटावर एक यंत्र, जे पुढचं खोकं कुठल्या फळीवर आहे ते सांगायचं आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. सकाळी परत आला की पायऱ्यांवर बसून आधी बूट काढायचा आणि काही वेळ तसाच बसायचा. इथे व्हिडिओ कॉलवर मी सांगायचे, त्याचं घरूनच काम चालू आहे, आता झोपलाय कारण रात्री अमेरिकेची मीटिंग होती. अमेरिका कुठून काढली मलाच माहीत. गाडी चालवण्याच्या परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला, वळताना खांद्यावरून मागे मान वळवून पाहिलं नाही म्हणून. सतरा वर्षं मुंबईत गाडी चालवलेला माणूस! आम्ही सांगितलं, तारीखच मिळत नाहीये.

आणि ते टेबल. तिकडे लोक नको असलेलं फर्निचर घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर आणून ठेवतात, पालिकेची गाडी ठरल्या दिवशी उचलते. त्याआधी कुणालाही नेता येतं. सगळेच नेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं शेजारच्या बाईने मला तीनदा सांगितलं. तरी आम्ही अंधार पडायची वाट पाहिली. दोन गल्ल्या सोडून एक लाकडी टेबल होतं, एक पाय थोडा डुगडुगणारा. दोघांनी दोन बाजूंनी धरलं, लेक पुढे टॉर्च घेऊन. निम्म्या वाटेवर एक कुत्रा भुंकला आणि आम्ही तिघंही टेबल खाली ठेवून असे उभे राहिलो जणू टेबल आमचं नाहीच. मग हसू आवरेना. वर्षभरात इतकं हसल्याचं दुसरं आठवत नाही. आईला फोनवर टेबल दाखवलं तेव्हा म्हटलं, सेलमध्ये मिळालं. तिने विचारलं, किती डॉलरला? मी एक आकडा सांगितला. तिने तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि म्हणाली, महाग पडलं गं, पण लाकूड चांगलं दिसतंय.

मी स्वतः अकाउंट्समधली. तिकडे मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. घरी सांगितलंय, 'एका संस्थेत, ऑपरेशन्स बघते.' खोटं म्हणाल तर तसं नाही. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही सगळं शिजवून, मऊ लगदा करून देतो. पण लगदा बघून माणसाची भूक मरते, म्हणून गाजराचा लगदा गाजराच्याच साच्यात घालून पुन्हा गाजर करायचं, कोंबडीचा कोंबडीच्या तंगडीच्या साच्यात. ताटात बघितलं तर सगळं जिथल्या तिथे. चमचा लागला की कळतं. तिथे ब्याण्णव वर्षांच्या एक बाई आहेत, माझं नाव त्यांना जमत नाही, 'लव्ह' म्हणतात. रोज विचारतात, तुझे आईवडील कुठे असतात? मी रोज सांगते, मुंबईला. त्यांची काळजी कोण घेतं? मी रोज सांगते, ते ठणठणीत आहेत.

गेल्या आठवड्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मसाल्यासाठी घट्ट झाकणाचा डबा शोधत मी आईच्या कपाटाचा खालचा खण उघडला. जुन्या साड्यांखाली एक प्लॅस्टिकची फाइल होती, हॉस्पिटलच्या नावाची. बाबांचं नाव. तारखा जून महिन्यातल्या. अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, पाच दिवस. मी फाइल मांडीवर घेऊन खाली बसले आणि डोकं भराभर उलटं धावायला लागलं. जून. जूनमध्ये ते दोघं गुहागरला गेले होते. आईने सांगितलं होतं, मावशीकडे आठ दिवस, रेंज नाही, व्हिडिओ लागत नाही, साधाच फोन कर. मी एकदा केला होता. माझे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे इथले तीन. बोलताना मागे एक बाई यांत्रिक आवाजात म्हणत होती, "कृपया दरवाजा बंद करें, कृपया दरवाजा बंद करें." हा आवाज मुंबईतल्या प्रत्येक जाळीच्या लिफ्टमध्ये असतो, मी जन्मभर ऐकलाय. आणि त्या दिवशी तो ऐकून मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. घरचा आवाज म्हणून बरं वाटलं. गुहागरच्या मावशीच्या कौलारू घरात लिफ्ट कशी, हा प्रश्न सात महिने मला पडला नाही.

मी फाइल होती तशी साड्यांखाली ठेवली.

त्या संध्याकाळी बाबांबरोबर मीही पार्कात गेले. एरवी ते नातीला घेऊन एकटेच जातात. आता ते कट्ट्याच्या एका ठरावीक जागी थांबतात, समोरच्या झाडांकडे बघतात, मग पुढे निघतात, हे मी आल्यापासून पाहत होते आणि मला वाटत होतं, निवांतपणा आलाय. हवेत धूळ होती, दिव्यांभोवती लालसर धुकं. मुलं चार-चार ठिकाणी क्रिकेट खेळत होती, एकाचा बॉल दुसऱ्याच्या मॅचमध्ये. लेक टोपी घालून धावत होती, सूर्य बुडाला तरी, कारण शाळेत 'नो हॅट, नो प्ले' हे तिच्या हाडीमाशी खिळलंय. मध्येच येऊन तिने आजोबांना विचारलं, "ही जमीन कुणाची?" तिच्या शाळेत रोज नाही, पण सोमवारच्या असेंब्लीत सगळी मुलं उभी राहून म्हणतात, ही जमीन इथल्या मूळच्या बुनुरोंग आणि वदावुरुंग लोकांची आहे, आम्ही त्यांच्या वडीलधाऱ्यांना मान देतो. पाच-सहा वर्षांची पोरं, निम्मी पंजाबी, चार तेलुगू, एक आमची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं आणि जरा अवघडल्यासारखंही झालं होतं. ज्यांची जमीन गेली त्यांची माफी मागायच्या रांगेत आम्ही काल विमानातून उतरून कसे काय उभे, असं काहीतरी.

बाबा म्हणाले, "महापालिकेची." मग तिचं समाधान झालं नाही हे बघून त्यांनी सुरुवात केली. १९२५ मध्ये पालिकेने हे मैदान केलं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. "त्याच्या आधी?" त्याच्या आधी वाड्या, नारळ, खाजण. "त्याच्या आधी कुणाची?" बाबा थांबले. समुद्राच्या बाजूला, माहीमच्या कोळीवाड्याच्या दिशेला बघितलं. "कोळ्यांची, बाळा." "मग तुम्ही म्हणता का, सोमवारी?" बाबा माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, आपण नारळी पौर्णिमेला नारळ देतो ना समुद्राला. माझंच मला ते उत्तर पटलं नाही. लेकीने बुटाने माती उकरली. "आणि ही माती?" "ही तर इथली नाहीच," बाबा म्हणाले, "ही तांबडी माती बाहेरून आणून टाकली मैदानात. तेव्हापासून घराघरात धूळ. आमची सगळ्यांची तक्रार आहे." लेक पळाली. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. मला विचारायचं होतं. त्यांचा श्वास मी मोजत होते, त्या मनगटावरच्या यंत्रासारखा. विचारलं नाही.

विचारलं ते घरी येऊन, आईला, आणि तेही आडून. ती शेंगा सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले. "जूनमध्ये गुहागरला गेला होतात ना, आंबे मिळाले का?"

"जूनमध्ये संपतात गं." शेंगांचा आवाज. "पाऊस सुरू झाला की संपलेच."

"मग फणस?"

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाच्या दिशेने, मग परत सुपात. "बरका होता. तुला कळवायचं होतं, पण तिकडून तू काय करणार होतीस? तिकिटाचे पैसे, त्याची ती रात्रीची ड्यूटी, पोरीची शाळा."

रात्रीची ड्यूटी. मी सोलायची थांबले.

"अमेरिकेची मीटिंग करणारा माणूस सकाळी बुटांना चिखल लागून येतो का? तुझ्याच मागे दारात बसायचा तो, कॉलवर दिसायचा. पाय धरून." ती सोलतच होती. "आणि टेबल कितीला घेतलंत म्हणालीस?"

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. टॉर्च घेऊन पुढे मी होते म्हणाली, आजी, आणि कुत्रा भुंकला. केवढी खूश होऊन सांगत होती." आई हसायला लागली. मग मीही. मग कधीतरी दोघींचं हसणं थांबलं आणि सुपात शेंगदाणे पडत राहिले. बाबा आतून म्हणाले, काय झालं? दोघी एकदम म्हणालो, काही नाही.

वृद्धाश्रमातलं काम मात्र मी तेव्हाही सांगितलं नाही. कदाचित तेही तिला माहीत असेल. गाजराचं गाजर कसं करतात हे लेकीने पाहिलंय, मी एकदा तिला बरोबर नेलं होतं.

आज पहाटे जाग आली ती ब्रशच्या आवाजाने. दादरची पहाट अशी असते की आवाजांतून आवाज ओळखावा लागतो: पंप, कावळा, खाली स्कूटर, आणि त्यात खसखस, खसखस. उठून पाहिलं तर आई मोरीत पाटावर बसलेली, लेकीचा बूट गुडघ्यांत धरलेला. कडेला पाणी तांबडं होऊन जाळीकडे वाहत होतं. टूथब्रश खाचेत जात नव्हता म्हणून तिने डोक्यातली पिन काढली होती आणि एकेक खाच कोरत होती, दातातलं काही काढावं तशी, जीभ ओठांच्या कोपऱ्यात.

"अगं, मी केलं असतं."

"तू अर्धा करून ठेवलास." तिने बूट दिव्याकडे धरून आडवा फिरवला. अगदी त्या माणसाने पोळपाट फिरवलं होतं तसा. टाचेजवळ एक ढेप राहिली होती, गवताच्या काडीसकट. पिनेने ती अलगद सोडवली, तळहातावर घेतली, उठून खिडकीशी गेली आणि तुळशीच्या कुंडीत टाकून बोटाने दाबली. मग हात धुऊन परत पाटावर येऊन बसली.

"दुसरा कुठाय?"